सहीसाठी आलेलं पत्र

कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात मी वृद्धांचा डॉक्टर होतो आणि माझी सेक्रेटरी आयरिश होती. आज तिच्या गावाकडे तिची नाटकं शाळेतल्या मुलांना अभ्यासाला लावतात. माझी नाटकं आमच्या मराठी मंडळाच्या कपाटात, गणपतीच्या मखराखालच्या सुटकेसमध्ये आहेत. हे एवढं मी आता हसत हसत लिहू शकेन असं वाटलं होतं. लिहून पाहिलं. अजून तितकंसं हसू येत नाही.

माझे वडील जिनिंग फॅक्टरीत काट्यावर कापूस मोजायचे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. मला मेडिकलला पाठवा, म्हणून वडिलांची समजूत काढायला आमचे मराठीचे सर तीनदा घरी आले होते. तिसऱ्यांदा आले तेव्हा वडिलांनी त्यांना बसायला पोतं न देता शेजारून खुर्ची आणली, तेव्हाच मला कळलं की आपलं जमलं. त्याच सरांनी मला स्नेहसंमेलनाच्या नाटकात उभं केलं आणि नाटक लिहायला शिकवलं. त्यांचे नियम दोन. पहिल्या अंकाचा पडदा टाळीवर पडला पाहिजे, आणि शेवटी प्रेक्षकानं डोळे पुसत उठलं पाहिजे. सरांनी सांगितलेलं शरीरशास्त्राइतकंच खरं, असं मी मानत आलो. इंग्लंडात आल्यावर दर गणपतीला मी एक एकांकिका लिहायचो, बसवायचो, आणि तीत कामही करायचो. मंडळात मला कोणी नावानं हाक मारत नसे. आमचा एक भूल देणारा डॉक्टर मित्र तर फोनवर सुरुवातच करायचा, "बोला नाटककार, यंदा कोणाला मारताय?"

मला ते फार आवडायचं. डॉक्टर तर आमच्यात सगळेच होते.

सेक्रेटरी माझ्याकडे आली ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. वयानं माझ्याएवढीच, चाळिशीला टेकलेली. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यात तिच्या वडिलांचं दुकान होतं. पुढच्या अर्ध्या भागात किराणा, मागच्या अर्ध्यात दारू. आठ भावंडांतली ती पाचवी. शाळा पंधराव्या वर्षी सुटली, सोळाव्या वर्षी बोटीनं ती इकडे आली, मोटारींच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये ताटं धुतली आणि संध्याकाळच्या वर्गात टायपिंग शिकली. हे सगळं तिनं मला एकदम सांगितलं नाही. वर्षाला एखादं वाक्य, अशा हिशेबानं ते बाहेर आलं.

आमची कामाची पद्धत अशी. पेशंट तपासून झाला की मी हातातल्या छोट्या मशीनमध्ये त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला पाठवायचं पत्र बोलायचो, तेही स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद यांच्यासकट. क्लिनिक संपलं की टेप तिच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये टाकायची. ती कानाला हेडफोन लावून टाईप करत बसायची. पायाशी एक पेडल असे. ते दाबलं की टेप चाले, उचललं की थोडी मागे जाई. दुपारी तीनला लाल फोल्डरमधून सगळी पत्रं सहीला येत. आठ वर्षांत मी जे काही इंग्रजीत लिहिलं ते तिच्याच बोटांतून कागदावर आलं. माझे चुकलेले शब्द ती न बोलता दुरुस्त करायची, आणि मीही ते न बोलता स्वीकारायचो.

माझ्या टेबलावर एकदा गणपतीच्या कार्यक्रमाचं पत्रक पडलं होतं. त्यातला माझा फोटो पाहून तिनं विचारलं, "डॉक्टर, तुम्ही नाटकं लिहिता?" मी अर्धा तास बोललो. ती उभ्यानं ऐकत होती. दोन महिन्यांनी तिनं सही करायच्या पत्रांखाली साठेक पानांची एक चळत ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही नाटकवाले आहात म्हणून देते. अजून कोणाला दाखवलेलं नाही."

ती सकाळी अर्धा तास लवकर येऊन मशीनमध्ये सगळ्या पात्रांचे संवाद स्वतःच बोलायची आणि जेवणाच्या सुट्टीत पेडलवर पाय ठेवून ते टाईप करायची. नाटकात तीन भावंडं होती. म्हातारी आई वरच्या खोलीत, तिच्या दातांची कवळी स्वयंपाकघरात ग्लासात, आणि तिला कोणी न्यायचं यावर तिघांचं बोलणं. बोलणं तरी कसलं, पावाला लोणी लावायचं, पावसाला नावं ठेवायची, आणि मधेच कोणीतरी ग्लासाकडे बघायचं. आई शेवटपर्यंत खाली येत नाही. कोणी कोणाला काही ठणकावून सांगत नाही.

मी लाल पेन घेतलं. सरांनी माझ्या वह्या तपासाव्या तशी ती पानं मी तपासली. 'येथे संघर्ष हवा.' 'धाकट्याचे एक स्वगत हवे.' शेवटच्या पानावर लिहिलं, 'आई मरायला हवी.'

तिनं सगळं वाचलं. "मेल्यावर काय, डॉक्टर?" ती म्हणाली. "मेल्यावर सगळे चांगलेच वागतात."

"पण प्रेक्षकाला काहीतरी द्यायला हवं ना?"

"मी एक करते," ती म्हणाली. "टाईप करताना जे वाक्य एकदा ऐकून भागत नाही, ज्यासाठी पाय उचलून टेप मागे घ्यावी लागते, ते ठेवते. बाकीचं काढते."

हिच्या हातून काही व्हायचं नाही, असं मी त्या दिवशी घरी बायकोला सांगितलं. बायको माझ्या नाटकांची नायिका. तिनं पानं वाचायला मागून घेतली, आणि मी टीव्ही बघत असताना ती स्वयंपाकघरात एकटी हसली. मी आत जाऊन विचारलं, काय झालं? "काही नाही हो. ही थोरली बहीण अगदी आमच्या वन्सं." वन्सं म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्या नाटकांत बायकोनं पुष्कळ काम केलं होतं, पण वाचताना एकटी अशी कधी हसली नव्हती. हेव्याची पहिली कळ मला तिथे आली. जागा मला नेमकी आठवते, फ्रिजपाशी.

सेक्रेटरीनं आई न मारता ते नाटक एका छोट्या नाटक कंपनीला दिलं, आणि ते बर्मिंगहॅममध्ये एका पबच्या वरच्या खोलीत लागलं. चाळीस खुर्च्या. माझं मार्गदर्शन आहे, हे मी मंडळात आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आपल्याकडे पडदा उघडण्यापूर्वी पडद्यामागून घोषणा होते, लेखक अमुक, नेपथ्य तमुक, विशेष आभार अमुक अमुक. त्या विशेष आभारांत आपलं नाव येणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मिनीबस केली. चौदा माणसं, बटाटेवडे, चिवड्याचा मोठा डबा. आम्ही पुढच्या दोन रांगा अडवून बसलो आणि घंटेची वाट बघत चिवडा खाऊ लागलो. घंटा झाली नाही. घोषणाही झाली नाही. दिवे गेले, परत आले आणि समोर एक बाई पावाला लोणी लावत होती. नाटक सुरू झालंय हे आमच्या रांगेला कळायला दोन मिनिटं लागली. तोवर फक्त आमच्या दाढांचा आवाज.

मग मात्र सगळे गप्प झाले. माझ्या शेजारी माझा भूलवाला मित्र, जो माझ्या नाटकांत हटकून डुलक्या घ्यायचा, पुढे वाकून बसला होता.

संपल्यावर माझ्या इथेच वाढलेल्या बारा वर्षांच्या मुलीनं छापील पत्रक खालपासून वरपर्यंत वाचलं. "बाबा, तुझा नाव कुठे आहे?"

"आतल्या पानावर बघ."

"आतला पान नाहीये."

परतीच्या वाटेवर मित्र म्हणाला, "अरे नाटककार, तुझी सेक्रेटरी लिहिते की! तू काय मार्गदर्शन केलंस म्हणे?" मी म्हणालो, "आई मारू नका म्हणालो." बस हसली. मीही हसलो. बायको हसली नाही. शेवटच्या पानावरची लाल ओळ तिनं वाचलेली होती.

मला आणखी एक गोष्ट टोचत होती, ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. माझ्याबरोबर इतकी वर्षं काम करून तिच्या नाटकात मी कुठेच नव्हतो. एखादा डॉक्टर, एखादा परदेशी माणूस, माझी एखादी लकब, काहीच नाही. लिहिण्यासारखं हिला माझ्यात काही सापडलंच नाही की काय?

पुढच्या वर्षी लंडनच्या एका मोठ्या नाट्यगृहानं तेच नाटक वाढवून मागितलं. तालमी सहा आठवडे, आणि लेखिका तिथे हजर हवी. तिनं सहा आठवड्यांच्या बिनपगारी रजेचा अर्ज केला. ऑफिसच्या व्यवस्थापकानं माझं मत लेखी मागवलं. माझ्या होकाराशिवाय रजा मिळणार नव्हती, आणि रजा नाही तर तालीम नाही. नोकरी सोडून जायची तिची ऐपत नव्हती. नवरा आजारी होता, हे मला माहीत होतं.

त्या दिवशी क्लिनिकमध्ये बारा पेशंट होते. बारा पत्रं बोलून झाल्यावर मी मशीन तसंच हातात धरून बसलो आणि तेरावं बोलायला लागलो. विभागाच्या कामावर गंभीर परिणाम होईल, स्वल्पविराम, वृद्ध रुग्णांची पत्रं खोळंबतील, पूर्णविराम. इथवर वाद घालता आला असता. पुढे मी म्हणालो, अलीकडे त्यांचे कामातले लक्ष कमी झाल्याचेही माझ्या निदर्शनास आले आहे, पूर्णविराम. हे धादांत खोटं होतं. तिच्या कामात मला आठ वर्षांत एक चूक दाखवता आली नसती. पण बोलताना माझा आवाज इतका शांत होता की मला ते खरंच वाटलं.

ते पत्र खालच्या मजल्यावरच्या टायपिंग विभागाला द्यायचं, असं माझ्या मनात होतं. तेवढ्यात वॉर्डातून बोलावणं आलं. मी टेप काढली आणि जाता जाता रोजच्या ट्रेमध्ये टाकली. पत्र म्हणजे टेप आणि टेप म्हणजे तिचा ट्रे. हाताला दुसरी वाटच ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात एका आजींची छाती तपासताना मला ते आठवलं. कानात स्टेथोस्कोप तसाच, मी जिने उतरत धावलो. आजींना वाटलं त्यांचं काही खरं नाही. त्यांनी नर्सकरवी मुलाला बोलावून घेतलं.

ऑफिसच्या दाराला काच होती. ती पाठमोरी बसली होती, हेडफोन लावून. बोटं चालत होती. कितवं पत्र चाललंय हे मला बाहेरून कळेना. मग बोटं थांबली. तिनं पाय उचलला, पुन्हा दाबला. पुन्हा उचलला, पुन्हा दाबला. तीनदा. मग बोटं पूर्वीच्याच वेगानं चालू लागली. मी आत गेलो नाही. काय म्हणून जाणार होतो?

तीन वाजता लाल फोल्डर आलं. तेरा पत्रं. तेरावं सगळ्यांत खाली. समास सरळ, तारीख बरोबर, तिचं स्वतःचं नाव शुद्ध. माझं एक क्रियापद चुकलं होतं, ते तिनं दुरुस्त केलं होतं. अर्थ कुठेही हलू दिला नव्हता. कोपऱ्यात नेहमीप्रमाणे बोलणाऱ्याची आणि टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं, माझी आणि तिची, मध्ये तिरकी रेघ.

ती समोर उभी राहिली नाही. "पाचच्या टपालाला जायची आहेत," एवढं म्हणून गेली.

मी बारा पत्रांवर सह्या केल्या. तेराव्यावर पेन टेकवून बसून राहिलो. वीस मिनिटं बसलो, कारण समोर घड्याळ होतं. त्या वीस मिनिटांत मला सर आठवले, वडिलांनी आणलेली खुर्ची आठवली, असं लिहिलं तर छान दिसेल. पण मला आठवत होती ती स्वयंपाकघरात एकटी हसणारी माझी बायको, आणि डुलक्या न घेणारा मित्र. सही करावीशी वाटत होती. तिनं सगळं ऐकलंच आहे, आता लपवायचं काय उरलं, असंही वाटत होतं. शेवटी मी ते पत्र फाडलं. का फाडलं याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. चांगुलपणानं म्हणावं तर तितका तो वाटला नाही. उद्या सकाळी तिच्याकडूनच चहा घ्यायचा होता, हे कारण जास्त खरं असावं.

मशीन उचललं आणि नवं पत्र बोललो. रजा जरूर द्यावी, स्वल्पविराम, इतकी चोख काम करणारी व्यक्ती मी पाहिली नाही, पूर्णविराम. टेप तिच्या ट्रेमध्ये नेऊन टाकली. तिनं ती लावली, टाईप केलं, समोर धरलं. मी सही केली. "थँक यू, डॉक्टर," ती म्हणाली. त्या टेपसाठी तिला पाय एकदाही उचलावा लागला नाही. मी बघत होतो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे तिच्या देशात माहीत आहे. लंडन झालं, डब्लिन झालं. रेडिओवर नाटकं झाली, बक्षिसं आली. नव्वदच्या सुमाराला तिनं नोकरी सोडली आणि नवऱ्याला घेऊन ती गावी परतली. वडिलांच्या दुकानातला मागचा भाग तिनं लिहायला घेतला, असं वर्तमानपत्रात वाचलं. तिचं काहीही छापून आलं की मी ते शेवटपर्यंत वाचायचो. पेशंटच्या मुली विचारायच्या, "त्या तुमच्याच सेक्रेटरी होत्या ना?" मी म्हणायचो, "हो, फार हुशार." खोटं नव्हतं, पण जीभ कडू व्हायची.

एका गणपतीला मी तिच्यासारखं लिहून पाहिलं. दोन भाऊ पोहे खातात आणि गावच्या घराबद्दल बोलत नाहीत. पडदा पडला तरी लोक बसून राहिले. मग मागून मित्राचा आवाज आला, "नाटककार, संपलं का? की पोहे संपायचेत?" त्यानंतर मी लिहिलं नाही.

मग एक दिवस घरी पाकीट आलं. पत्ता टाईप केलेला, समास सरळ. आत दोन तिकिटं. तिचं नवं नाटक फिरतीवर आमच्याच गावात येत होतं, शनिवारी दुपारचा प्रयोग. मुलगी तोवर शिकायला ग्लासगोला गेली होती. मी आणि बायको गेलो.

पडदा नव्हताच. समोर एक ऑफिस, टेबल, ट्रे, खाली पेडल. नाटकातला डॉक्टर स्कॉटिश होता, उंच, आणि फावल्या वेळात जलरंगांत होड्या काढायचा. सेक्रेटरीला तो चित्रं कशी काढावीत ते शिकवायचा. लोक हसत होते. बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मग सेक्रेटरीचं एक चित्र प्रदर्शनात लागतं, ती रजा मागते, आणि तो मशीन तोंडाशी धरतो. नाट्यगृहात कोणी हलेना. ती टेप लावते. पाय उचलते, दाबते. उचलते, दाबते. तीनदा. पत्र फोल्डरमध्ये ठेवते. डॉक्टर येतो, वाचतो, आणि सही करतो. टोपण लावतो, खिशाला पेन अडकवतो. "पाचच्या टपालाला जाईल ना?" म्हणतो. ती म्हणते, "जाईल."

माझ्या आयुष्यात मला इतकं ओरडावंसं कधी वाटलं नव्हतं. मी सही केली नव्हती! हातात खुर्चीचा दांडा होता, तो मी सोडला नाही. इतकी वर्षं जिच्या नाटकात मला जागा हवी होती, तिनं ती दिली होती, मधोमध, आणि शेजारच्या माणसालाही मला ते सांगता येत नव्हतं. त्यातही मनात दुसरं चालूच होतं. मी लिहिलं असतं तर त्यानं पत्र टराटरा फाडलं असतं आणि पडदा टाळीवर पडला असता. आणि हिचं किती चांगलं झालं होतं!

बायको बाहेर बाथरूमच्या रांगेत लागली. सेक्रेटरी कोपऱ्यात उभी होती, केस पांढरे, हातात चहाचा कप. मला पाहून जवळ आली.

"आलात, डॉक्टर."

मी काहीतरी अभिनंदनाचं बोलणार होतो. तोंडातून आलं ते, "मी सही केली नव्हती."

"नव्हती केली," ती म्हणाली. रागानं नाही. "मी आधी तसंच लिहिलं होतं. तो पत्र फाडतो, असं. दोन आठवडे तालीम केली. पण त्या नटाला ते काही केल्या जमेना. म्हणाला, या माणसानं फाडलं हे मला पटत नाही."

"मग?"

"मग बदललं." तिनं चहाचा घोट घेतला. "खरं काय ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. रजा मिळाली, डॉक्टर. ती तुम्हीच दिलीत. हे मी विसरलेली नाही." मग बायको आली, आणि दोघी थोरल्या बहिणीबद्दल बोलत राहिल्या, त्या पहिल्या नाटकातल्या.

गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "काय माणूस दाखवलाय हो! इतकी वर्षं जिनं सांभाळून घेतलं, तिचंच पत्र तिच्याचकडून लिहून घेतलं. सही करताना हातसुद्धा थरथरला नाही मेल्याचा."

मी रिंग रोडला लागलो. आमचा फाटा आला, तो चुकला. पुन्हा पूर्ण फेरा घालावा लागणार होता.

"तो मी आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. मी रस्त्याकडे बघत सगळं सांगितलं, टेप, ट्रे, काचेचं दार, आणि कामात लक्ष नाही हे खोटं वाक्यसुद्धा. फाटा पुन्हा आला आणि पुन्हा मागे पडला.

"पण तुम्ही सही नव्हती ना केलीत?" तिनं शेवटी विचारलं.

"नाही."

"फाडलंत ना?"

"फाडलं. वीस मिनिटांनी."

फाटा तिसऱ्यांदा आला तेव्हा ती बोट दाखवून म्हणाली, "अहो, आता तरी डावीकडे घ्या."